‘साधी गाठ आहे’ म्हणालो, तिथेच चुकलो

या सदरात एरवी डॉक्टर मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवणारी बाई आहे. परंतु २०२४ च्या आषाढापासून दिवाळीपर्यंत माझ्या सख्ख्या आत्याच्या आजारपणात मी तिच्यासोबत होते. त्या चार महिन्यांत आमच्या हातून काही गोष्टी बऱ्या झाल्या आणि एक मोठी चूक झाली. तशीच चूक आज पुष्कळ घरांत चालू असेल, म्हणून हे लिहीत आहे.

आत्या ६८ वर्षांची. वैरागजवळच्या एका खेड्यात राहते. यजमान जाऊन बारा वर्षे झाली. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा पुण्याला कंपनीत आहे. त्या वर्षी आषाढी १७ जुलैला होती. वारी करून पंढरपूरहून ती थेट माझ्याकडे सोलापूरला आली आणि पाय दुखतात म्हणून आठ दिवस राहिली. ती पहाटे चारलाच उठून न्हाणीघरात जाई, आणि गच्चीवर माझ्या कपड्यांच्या आड जुन्या लुगड्याचे धडपे वाळत दिसत. दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारले, तर हसून म्हणाली, “आगं, उनात चालले, उष्णता झाली. सब्जा खाते की रोज.”

पाळी जाऊन तिला अठरा वर्षे झाली होती. खोदून विचारले तेव्हा कळले, की अंगावरून जाणे संक्रांतीपासूनच सुरू होते. आधी नुसते पांढरे, वासाचे. मग मधूनमधून डाग. आणि वारीत चांगलेच लाल. गावाकडे एकाने तपासणी न करताच तीन महिने रक्त थांबण्याची इंजेक्शने दिली. इंजेक्शन दिले की चार दिवस थांबे, पुन्हा सुरू होई. सुनेला सांगायची लाज, मुलांना सांगणे तर दूरच. वाचक भगिनींनो, पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी पडला, तरी तो ‘उष्णता’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. दर वेळी तो कर्करोगच असतो असे मुळीच नाही. बहुतेकदा कारण साधे निघते. पण ते साधे आहे हे टेबलावर झोपवून, आतून तपासूनच ठरते. नुसती नाडी बघून किंवा इंजेक्शन देऊन ते ठरत नाही.

सोलापुरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासले आणि त्याच वेळी गर्भाशयाच्या तोंडावरचा एक बारीकसा तुकडा तपासणीसाठी काढला. थोरल्या आतेभावाचा त्यावरून पारा चढला. तुकडा काढला की आजार पसरतो, हे त्याने कुणाकडून तरी ऐकले होते. ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. माणसे फार उशिरा दाखवतात, तपासणी होते, आणि आजार मुळातच वाढलेला असल्याने पुढे बिघडते. खापर मात्र तुकड्यावर फुटते. तुकड्याशिवाय आजाराचे नाव कळत नाही आणि नाव कळल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर औषध सुरू करत नाही. आठ दिवसांनी अहवाल आला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग.

त्या रात्री माझ्या घरी बैठक बसली. दोघे आतेभाऊ, थोरली वहिनी, माझे यजमान आणि मी. आत्या आतल्या खोलीत झोपली होती, किंवा झोपली असे आम्ही धरून चाललो. अर्ध्या तासात एकमत झाले, की तिला सांगायचे नाही. “साधी गाठ आहे, औषधाने विरघळेल” असे म्हणायचे. सगळ्यांत जोरात होकार मी दिला, हे मला कबूल केले पाहिजे. खचून जाईल, खाणेपिणे टाकेल, वारकरी बाई आहे, उगाच देवाचा धावा करत बसेल, अशी आमची कारणे. खरे कारण निराळे होते. तो शब्द तिच्या तोंडावर उच्चारायची आमच्यापैकी एकाचीही छाती नव्हती.

उपचार बार्शीला करायचे ठरले. तिच्या गावापासून बार्शी जवळ, आणि आपल्या जिल्ह्याला या बाबतीत बार्शीचे मोल निराळे आहे. अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे १९८१ मध्ये कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय मुंबई-पुण्यापासून दूर, बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी उभे राहिले, ते डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून. मुंबईच्या टाटा रुग्णालयाशी जोडून तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात होती. खेड्यात रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंदणीची माणसे गावोगाव जात, सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटत, अंगावरून जाणे, न बरी होणारी जखम, छातीतली गाठ ही लक्षणे सांगत आणि संशयित रुग्णाला बार्शीला यायला लावत. मोजदाद करता करता जागृतीचे काम होऊन गेले. पुढे असे दिसले, की त्या भागातल्या बायका गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दाखवू लागल्या आणि जास्त जगू लागल्या. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही, देवळाच्या पारावर बसून केलेल्या बोलण्याने हे झाले.

आत्याला नंतर एकदा विचारले, तुमच्या गावात आले होते का कोणी? म्हणाली, “आलते की. मारुतीच्या देवळात चित्रं दाखवली म्हनं. म्या गिरणीवर दळण टाकलं हुतं, म्हून गेले न्हाई.”

असो. तपासण्या झाल्या. रक्त, साखर, मूत्रपिंडाचे काम, छातीचा फोटो, पोटाचा एम.आर.आय. आजार दुसऱ्या टप्प्यात होता. गर्भाशयाच्या तोंडाच्या बाजूच्या भागात शिरला होता, परंतु ओटीपोटाच्या हाडांच्या भिंतीपर्यंत पोचला नव्हता. आमच्याकडचा प्रत्येक जण एकच विचारायचा, “मग पिशवी काढून का टाकत नाहीत?” हा प्रश्न मीही विचारला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. आजार अगदी तोंडापुरता, लहान असेल तर शस्त्रक्रिया होते. तो शेजारी सरकला असेल, तर पिशवी काढली तरी मुळे मागे राहतात. वर पुन्हा किरण द्यावेच लागतात आणि कापलेल्या जागी किरण दिल्याने त्रास दुप्पट. म्हणून या टप्प्यात किरणोपचार हाच मुख्य उपचार, आणि त्याची धार वाढवायला आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. आपल्याकडे पाळीची जरा तक्रार झाली की पिशवी काढून मोकळे होण्याची घाई असते. आणि इथे, जिथे ती काढायची नाही, तिथेच काढा म्हणून आग्रह धरतात. माझाही होता.

खर्चाचे लिहिले पाहिजे, कारण पुष्कळांचे पाऊल तिथेच अडते. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत सोलापूर होते. तीच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि तिच्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरण, औषधे येतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ म्हणून माणूस बसतो, पहिल्याच दिवशी त्याला गाठावे. आमचे दोन दिवस गेले ते एका अक्षरापायी. शिधापत्रिकेवर आत्याचे नाव एक, आधार कार्डावर एक. घरात म्हातारे माणूस असेल तर आजारपण येण्याआधीच हे दोन कागद शेजारी ठेवून एकदा वाचावेत. मोठ्या शहरात न्यायची वेळ आली, तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचे तिकीट पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

२ सप्टेंबरला, सोमवारी, उपचार सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे २५ वेळा बाहेरून किरण. आपल्याकडे याला ‘लाईट देणे’ म्हणतात. भगवंताच्या देवळाजवळ आम्ही एक खोली भाड्याने घेतली. पहिले दोन आठवडे वहिनी राहिली, शनिवारी-रविवारी मी सोलापूरहून एस.टी.ने जाई. लाईट देताना काही दुखत नाही, भाजत नाही, फोटो काढल्यासारखेच वाटते. त्यामुळे आत्या खुशीत होती. रोज भगवंताचे दर्शन, आल्यावर जप. दहा बैठका झाल्या आणि अंगावरून जाणे जवळजवळ थांबले.

१४ सप्टेंबरला शनिवारी ती गणपतीसाठी म्हणून गावी गेली. सोमवारी परत यायचे होते. आली नाही. वहिनीचा फोन आला, “ताई, आत्याबाई न्हाई म्हणत्यात.” मंगळवारी अनंत चतुर्दशी. बुधवारी थोरल्या भावाने गाडी आणून दारात उभी केली, आत्या शेताकडे निघून गेली. रुग्णालयातून दोनदा फोन येऊन गेला. गुरुवारी मी शाळेत रजा टाकून गावी पोचले तेव्हा चार बैठका बुडालेल्या होत्या.

ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी रागावून म्हटले, आत्या, काय चालवलंयस हे? तिने हातातली शेंग खाली ठेवली नाही. म्हणाली, “गाठ म्हणला ना तुमी? साधी गाठ? मग विरघळली की. रगत थांबलं. आता कशापायी जायचं?”

माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण ती बरोबर बोलत होती. साध्या गाठीला पंचवीस वेळा लाईट कशाला? रक्त थांबल्यावर पुढचा त्रास कशाला? आम्ही तिला जे सांगितले होते, त्यावरून कोणत्याही शहाण्या माणसाने हाच निष्कर्ष काढला असता. रक्त दहा बैठकांत थांबते, पण आजार मरायला पूर्ण मात्रा लागते. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात, आणि बाहेरून-आतून मिळून सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवायचे असतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. ज्या बाईच्या अंगाशी त्याचा संबंध, तिला सोडून.

मी तिच्याशेजारी बसले आणि सांगितले. शब्द उच्चारला. वहिनी आत निघून गेली.

आत्या बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, “बार्शीला कशाला नेत्यात ते आमच्या तालुक्यात लहान पोराला बी ठावं हाय. पाटी मोठी हाय तिथं. चौथी झालीय माजी.” म्हणजे तिला कळत होते. मग विचारले का नाहीस? “तुमी सगळी एवढ्या निगुतीनं खोटं बोलत हुता. म्हनलं, पोरांची हिंमत न्हाई, कशाला उघडं पाडा.”

हे ऐकून मला जे वाटले ते लिहीत बसत नाही. मुद्दा एवढाच, की आमच्या खोट्याने तिची भीती तिळभरही कमी झाली नव्हती. तिची बोलती मात्र बंद झाली होती. दोन आठवडे ती त्या टेबलावर एकटी झोपत होती आणि मनातला एकही प्रश्न कुणाला विचारू शकत नव्हती. त्या दुपारी तिने ते विचारले.

पहिला, किती दिवसांची सोबती आहे? मी म्हटले, मी सांगू शकत नाही, उद्या डॉक्टरांना आपण दोघी मिळून विचारू. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले, “आजी, या टप्प्यात उपचार पुरे करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका पाच वर्षांनंतरही हिंडत-फिरत असतात. खात्री देत नाही. पण अर्धवट सोडलंत तर ही संधीही जाते.” तिने मान हलवली आणि लगेच विचारले, बुडालेल्या चार दिवसांचे काय? हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

दुसरा, नातवंडांना लागेल का? ती खोलीवर आपला पेला वेगळा ठेवत होती, वहिनीच्या लहान मुलीला मांडीवर घेत नव्हती, ते का, हे आता उलगडले. कर्करोग ताटा-पेल्याने, जवळ बसल्याने, एका अंथरुणात झोपल्याने लागत नाही. बाहेरून दिलेले किरणही अंगात साठून राहत नाहीत. यंत्र बंद झाले की संपले. आजीने नातीला मांडीवर खुशाल घ्यावे.

तिसऱ्या प्रश्नाला संध्याकाळ झाली. वहिनी धारा काढायला गेल्यावर, अगदी हळू आवाजात. “हे माज्या वागण्यानं झालं का गं? का त्येंच्या?” गल्लीत कुणीतरी बोलले होते, की हा आजार ‘तसल्या’ बायकांना होतो. या एका वाक्याने किती बायका दवाखान्याच्या दारातून परत गेल्या असतील! हा कर्करोग एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूपासून होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो, हे खरे. पण हा विषाणू इतका सर्रास आहे, की संसार केलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. काही जणींच्या शरीरात तो राहून जातो, दहा-वीस वर्षे मुकाट असतो आणि मग पेशी बिघडवतो. तो कोणाकडून, कधी आला, हे कोणीही सांगू शकत नाही. यात चारित्र्याचा प्रश्नच येत नाही. मी हे जमेल तसे सांगितले. तिने ऐकले आणि म्हणाली, “मग त्येंच्या फोटूला उगाच राग राग करत हुते म्या.”

शुक्रवारी, २० तारखेला, आम्ही बार्शीला परतलो. मी बिनपगारी रजा टाकली आणि शेवटपर्यंत तिच्याबरोबर राहिले.

त्यानंतरचे पाच आठवडे सोपे नव्हते, पण निराळे होते. एक शंभरपानी वही घेतली. तिच्यात रोजची बैठक, वजन, शौचाला किती वेळा, रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा, साखर असे मी लिहायची. आणि शेवटच्या पानांवर आत्याचे प्रश्न. डॉक्टरांपुढे गेले की माणूस निम्मे विसरतो आणि ऐकलेले निम्मे बाहेर आल्यावर विसरतो. दोघींचे चार कान आणि एक वही एवढ्यावर आमचे बरेच भागले. आत्याला मधुमेह आहे. सलाईनच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून जे औषध देतात त्याने दोन दिवस साखर वर जाते, हे वहीतल्या आकड्यांवरून आमच्या लक्षात आले आणि डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा तेवढ्या दिवसांपुरती बदलली.

तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब सुरू झाले. पोटावर किरण पडतात, आतडी हुळहुळी होतात, त्यामुळे हे होतेच. आपल्या जिल्ह्याचे खाणे म्हणजे कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा. नेमके तेच या दिवसांत चालत नाही. मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, ताक, केळे, उकडलेला बटाटा, खात असल्यास अंडे. दूध काहींना बाधते, आत्याला बाधले. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, तिखट काही दिवस बंद. आत्या रोज “नुसतं रोग्यावानी खानं” म्हणून कुरकुरायची आणि खायची. पाणी मात्र भरपूर, विशेषतः सलाईनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, कारण ते औषध मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. दिवसातून सहाहून जास्त वेळा जुलाब, लघवी कमी होणे, किंवा १००.४ च्या वर ताप यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, असे आम्हाला बजावले होते. एका रात्री १०१ ताप भरला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. तीन दिवस दाखल केले, वेळेवर प्रतिजैविके मिळाली, निभावले.

ओटीपोटावर यंत्राचा नेम धरण्यासाठी शाईच्या खुणा केलेल्या असतात. त्या घासून काढायच्या नाहीत. त्या जागी हळद, तेल, बाम काहीही लावायचे नाही. भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी प्रेमाने खोबरेल तेल चोळायला घेतले होते, मी धावत जाऊन बाटली काढून घेतली. भेटायला येणाऱ्यांबद्दल स्वतंत्र लेख लिहिता येईल. कोण कोण याच आजाराने गेले, याची यादी रोग्याच्या उशाशी बसून वाचून दाखवणारी माणसे मी पाहिली. उलट आमच्या शेजारच्या खोलीतली परांड्याची बाई रोज संध्याकाळी काही न बोलता गरम पाण्याची बादली आणून ठेवी.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेरची लाईट संपली. मग आतून द्यायचे किरण. याचे नाव ऐकूनच बायका पळतात. गुंगी देऊन किंवा कमरेखालचा भाग बधिर करून गर्भाशयाच्या तोंडाशी बारीक नळ्या बसवतात. यंत्रातून किरण देणारा कण त्या नळ्यांतून आत जातो, काही मिनिटे थांबतो आणि परत यंत्रात येतो. मग नळ्या काढून टाकतात. आजाराच्या अगदी जवळून मोठी मात्रा मिळते आणि मूत्राशय, आतडी बरीच वाचतात. बाहेरची लाईट पुरी झाली म्हणून या टप्प्यावर घरी निघून जाणाऱ्या बायका आहेत. तसे केले तर उपचार अर्धाच राहतो. आदल्या रात्री आत्या घाबरली होती. नीट विचारत होती, कोण असेल आत, परपुरुष असेल का, अंगावर काय असेल, जाग राहील का. मी सकाळी नर्सबाईंना हे सगळे जसेच्या तसे विचारले. त्यांनी आत्याला आत नेऊन खोली दाखवली, चादर दाखवली आणि मी इथेच उभी असेन म्हणाल्या. त्यानंतर आत्याने पुन्हा विचारले नाही. ‘साधी गाठ’ चालू असती तर हे प्रश्न तिने कुणाला विचारले असते?

बुडालेले दिवस भरून काढण्यासाठी डॉक्टरांनी या बैठका जवळजवळ घेतल्या. २६ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, शेवटची झाली. आत्याने वहीत मोजून ठेवले होते, तो ५५ वा दिवस होता.

सोबतीच्या माणसाबद्दलही दोन शब्द. पाच आठवड्यांत माझे वजन चार किलो उतरले आणि एकदा मी आत्यावर भाताच्या वाटीवरून ओरडले. धाकटा भाऊ पुण्याहून दर आठवड्याला पैसे पाठवी आणि रोज फोनवर सूचना करी. एका शनिवारी मी त्याला म्हटले, पैसे नकोत, दोन रात्री ये. तो आला. शौचाची भांडी उचलली, जुलाबाचे कपडे धुतले. सूचना थांबल्या. एकट्या बाईवर सगळे टाकून बाकीच्यांनी काळजी करत बसायचे, ही आपल्या घरांची जुनी खोड आहे. निदान रात्रींची वाटणी कागदावर लिहून करावी.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा संपल्यावर तीन महिन्यांची तपासणी झाली. एम.आर.आय.मध्ये आजार दिसला नाही. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दाखवायचे आहे. लघवीची जळजळ अजून अधूनमधून होते, चालताना लवकर दमते.

बार्शीच्या कामाचा आणखी एक दाखला इथे द्यायला हवा. तिथल्या मंडळींनी शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले. ज्या गटाला आयुष्यात फक्त एकदा एच.पी.व्ही.ची तपासणी मिळाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्या मातीतल्या, आपली भाषा बोलणाऱ्या बायकांवरून जगाला हे कळले. तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लस आहे, पुण्यात तयार होणारी भारतीय लसही २०२३ मध्ये आली.

आत्याने हे आपल्या परीने मनावर घेतले. मार्चमध्ये ती सोलापूरला आली ती गल्लीतल्या दोघींना बरोबर घेऊन. त्यातल्या एकीचे अंगावरून जात होते. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, “मला कॅन्सर झालता. आत नळी घालत्यात, दुखत न्हाई लई.” त्या दोघी पदराने तोंड झाकून घेत होत्या. दोघींचे अहवाल साधे निघाले.

वही आता तिच्याकडेच असते. जूनमध्ये तपासणीला गेलो तेव्हा शेवटच्या पानावर तिच्या चौथीच्या अक्षरात एकच प्रश्न होता, वारीला जाऊ का? डॉक्टर म्हणाले, सगळी वाट चालू नका, वाखरीपासून चाला, पाणी बरोबर ठेवा आणि लघवी दाबून धरू नका. २०२५ ची आषाढी ६ जुलैला होती. वाखरीपासून ती चालली, मी तिची पिशवी धरून मागे.